साध्या पाण्याने मेलेला कॅन्सर

चहा येईपर्यंत माझ्या अब्रूचं खोबरं कसं झालं ते ऐका. अर्धा किस्सा आमच्या सगळ्या करंजाडे गावाला माहीत आहे, उरलेला मी सांगते.

मी प्रयोगशाळेत काम करते. आपल्या रक्तात टी पेशी असतात, त्या शरीराचे पोलीस समजा. त्या वाढवायच्या, तयार करायच्या आणि डिशमध्ये वाढवलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर सोडायच्या. दोन वर्षं आमचे पोलीस नुसते बंदोबस्ताला उभे! आणि एका शनिवारी बघते तर काय, डिशमधला कॅन्सर साफ. एक पेशी जिवंत असेल तर शपथ.

मी कुणाला सांगितलं? फक्त आईला. संध्याकाळपर्यंत सोसायटीत पेढे वाटून झाले होते. मी अडवलं का? छे, दोन खाल्ले.

रविवारी गव्हाणची हिरामावशी मासे घेऊन दारात आली. तिच्या लेकीची, सुमनची, स्तनाच्या कॅन्सरसाठी किमो चालू होती.

"ताई, सुमन मंगळवारी किमोला जायाची नाय म्हनते," मावशी म्हणाली. "तुमचं औषद येईपरत थांबते."

डिशमधलं माणसापर्यंत यायला वर्षानुवर्षं लागतात, असं मी परोपरीने सांगितलं. मावशी बोंबील निवडत म्हणाली, तुमची आई तर महिना म्हणाली होती.

सोमवारी प्रयोगशाळेत आमच्या सरांनी एकच विचारलं, तुलनेसाठी ठेवलेली, टी पेशी न घातलेली डिश बघितलीस का? नव्हती बघितली. आता बघितली, तर तिथेही प्रेतांचा खच. पोलीस नाहीत, चकमक नाही, तरी सगळे मेलेले!

मग बाटल्या तपासल्या. या पेशी सलाईनसारख्या खारट पाण्याने धुवायच्या असतात. मी शेजारची साध्या पाण्याची बाटली उचलली होती. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, हे नव्या मुलांना दर वर्षी कोण शिकवतं? मीच.

तशीच उठून गव्हाणला गेले. सुमन डोक्याला रुमाल बांधून ओटीवर बसली होती. लाज वाटत होतीच, पण ती किमो सोडेल याची भीती त्याहून जास्त होती. सगळं सांगितलं, बाटलीसकट. सुमन हसायला लागली ती थांबेचना.

"जाते मी उद्या किमोला," ती डोळे पुसत म्हणाली. "पन ताई, माजी सलाईनची बाटली लावायला तुमी नका येऊ."