अकापुल्कोच्या चिंचगोळ्या आणि सातो-सान

मंडळी, सुट्टीवरून आलं की ऑफिसात सगळ्यांना खाऊ वाटायचा, ही इथली जपानी रीत. आज मी मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून आणलेल्या चिंचेच्या गोळ्या वाटल्या, तिथल्या बीचचं कौतुकही केलं.

शेजारच्या टेबलावरचे सातो-सान दोन वर्षांत माझ्याशी फक्त हवामानावर बोललेत. गोळी चघळत म्हणाले, "चारशे वर्षांपूर्वी आमच्या गावचा, सेंदाईचा एक सामुराई जहाजाने तिथे पोचला होता. त्याचा पुतळा पाहिलात?"

कुठला पुतळा? आम्ही चार दिवस नुसते सेल्फी काढत होतो.

मग लंच संपेपर्यंत ते सेंदाईबद्दल बोलत राहिले. मजा आली. पण एरवी बसस्टॉपवरही अनोळखी माणसाला "गाव कुठलं?" विचारणारी मी, यांनाच विचारायची राहिले होते.

तुमच्या शेजारच्या टेबलाचं गाव कुठलं?