दुसरा सिलिंडर का चुकतोय?

समजा, तुम्ही बारा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीत बसला आहात. चावी फिरवलीत, गाडी सुरू झाली, पण मीटरच्या काट्यांशेजारचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा विझलाच नाही. आता स्टिअरिंगखाली हात घाला. गुडघ्याच्या जरा वर एक रुंद सॉकेट बोटांना लागेल. त्यात काडेपेटीएवढं यंत्र खोचा, मोबाइल त्याला जोडा आणि थांबा. गाडीतला संगणक एक अक्षर आणि चार आकडे सांगेल, हा बिघाडाचा कोड.

बादशहा मुजावरच्या मोबाइलवर आलं, पी ०३०२. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही.

पेठ वडगावच्या स्टँडवर बादशहा स्वतःची गाडी भाड्यानं चालवतो. हे यंत्र त्यानं ऑनलाइन मागवलं होतं. एकदा ऑइल बदलायचा खर्च त्याहून जास्त. त्याला गाडीच्या आतलं कळून घ्यायची हौस आहे. पण या वेळी नुसती हौस नव्हती. दोन दिवसांनी सकाळी गावातल्या झुंबरबाईला डायलिसिससाठी कोल्हापुरात न्यायचं होतं. परतताना म्हातारीला उलट्या होतात, म्हणून स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर काही ना काही निमित्त काढतात. गाडी हायवेवर बंद पडली, तर तिला घेऊन तो कुठं उभा राहणार?

कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या एका गॅरेजवाल्यानं कोड ऐकून सांगितलं, "कॉइल गेली. नवी मागवतो, गाडी चार दिवस सोडा."

ठिणगी पाडायला प्रत्येक सिलिंडरवर एक कॉइल असते. बादशहाच्या इंजिनाला अशा तीन. "तिन्ही एकसारख्या हाईत न्हवं?" तो घरी येऊन स्वतःशीच बोलला. "मग जागा बदलून बघू की."

गार इंजिनावर त्यानं पहिली आणि दुसरी कॉइल काढली. दुसरीचं रबरी टोक ओलसर लागलं, ते त्यानं सवयीनं फडक्यानं पुसून टाकलं. दोन्हींची अदलाबदल केली, जुना कोड पुसला आणि चक्कर मारली. कॉइल खराब असती तर तक्रार तिच्याबरोबर पहिल्या सिलिंडरवर गेली असती. दिवा लागला. कोड पुन्हा तोच, पी ०३०२.

म्हणजे कॉइल निर्दोष. तक्रार जागेचीच होती.

शेजारचा जोतीराम येऊन बॉनेटवर वाकला. त्याचं स्टँडजवळ गाड्या धुण्याचं सेंटर आहे. "काय बादशा, दसऱ्याला हार घातला तरी रुसली व्हय गाडी?"

"दसऱ्यापासनंच रुसलीया," बादशहा म्हणाला आणि एकदम थांबला.

खंडेनवमीला स्टँडवरच्या सगळ्या गाड्या एका रांगेत धुऊन पुजतात. हिंदू, जैन, मुसलमान, रांगेत सगळ्यांच्याच गाड्या. जोतीरामनंच प्रेशरची नळी धरली होती आणि तो ओरडला होता, "बॉनेट उघड! पूजा इंजिनाची हाय, पत्र्याची न्हवं!" बादशहानंही हौसेनं उघडलं होतं.

"जोत्या, तू इंजिनावर किती पाणी मारलंस?"

"लखलखस्तोवर! का?"

बादशहानं दुसऱ्या सिलिंडरवरची कॉइल उपसली आणि स्पार्क प्लगच्या खोल खड्ड्यात मोबाइलचा उजेड टाकला. तळाशी पाणी चमकलं.

"आरं, ही तर हीर हाय!" जोतीराम म्हणाला. "मोटार बसवू का?"

"तूच भरलीस, तूच उपस."

काडीला सुती चिंधी गुंडाळून दोघांनी पाणी टिपलं. मग जोतीरामनं सायकलचा पंप लावून वारा मारला. खड्डा कोरडा झाल्यावरच बादशहानं प्लग बाहेर काढला. आधी काढला असता तर घाण सिलिंडरमध्ये पडली असती. प्लगला गंज धरला होता. तो घासून बसवला, कोड पुसला. वडगावभोवती चक्कर मारून आला, दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दोन भाडी केली. तरीही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई सीट मागं पाडून बसली. वाटेत तिनं विचारलं, "गाडी बिघडलीती म्हणं. बरी झाली का?"

"दिवा बंद हाय, मावशी."

"दिव्याचं न्हाय इचारलं मी. बरी झाली का?"

गाडी न अडखळता कोल्हापुरात पोचली. झुंबरबाईला आत सोडून तो गाडीत येऊन बसला आणि यंत्र जोडलं. कोड एकही नव्हता. पण कोड पुसल्यावर गाडी स्वतःच्या सगळ्या तपासण्या नव्यानं करते, आणि त्यांतल्या एका ओळीपुढं अजून 'अपूर्ण' दिसत होतं. ती तपासणी सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या जाळीची. न जळलेलं पेट्रोल त्या जाळीत जाऊन ती खराब होऊ शकते, हे त्यानं वाचलं होतं.

गाडीचं काही अडलं की तो मला विचारतो; आताही त्यानं मला त्या स्क्रीनचा फोटो पाठवला. खाली बोलून पाठवलेला निरोप होता. मागं हॉस्पिटलच्या दारातली गडबड ऐकू येत होती.

"मावशीला परत न्यायचं हाय. दिवा बंद हाय खरं, पण ह्या गाडीनं ती जाळी अजून तपासलीच न्हाय. मग किती चालवली, कशी चालवली म्हंजे ती तपासणी पुरी हुती?"