उलट्या इंजिनाची पिन

केवळराम खाणीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाला आणि आंबागडला घरामागच्या पडवीत इंजिन बांधायला बसला. खरंखुरं लोखंडी इंजिन, फक्त आकारानं लहान. तो नोकरीला लागला तेव्हा मँगनीजचे डबे ओढणारं कोळशाचं एक इंजिन खाणीत होतं. पुढे ते कापून भंगारात गेलं. त्याचा नकाशा उरला नव्हता, फोटोही नव्हता. कुठला नट कुठं बसतो ते सगळं केवळरामच्या डोक्यात होतं. एखादा पाहुणा त्याला खेळणं म्हणाला की तो म्हणायचा, "उचलून पाहा बरं." पाहुण्याच्यानं ते जागचं हलत नसे.

खरी पंचाईत पोटाखालच्या कामाची होती. ब्रेक, स्प्रिंगा, चाकांचे आस, सगळं खाली. आधी तो शेजाऱ्यांना बोलावून इंजिन गोणपाटावर आडवं करायचा. मग कंबर बोलू लागली, तसं त्यानं इंजिनाखालचं टेबलच बदलायला घेतलं. टेबलाखाली जुन्या गाडीचा जॅक लावला, म्हणजे इंजिन वर-खाली होईल. दोन बाजूंना अँगलचे खांब उभे केले, त्यांत ट्रॅक्टरचे बेअरिंग बसवले आणि मधोमध फिरणारी चौकट टांगली. इंजिन चौकटीत आवळायचं, जॅक खाली घ्यायचा आणि चौकट फिरवून इंजिनाची चाकं आभाळाकडं करायची. मग खांबातून एक जाड पिन घालायची, की चौकट जाम. ती पिन मात्र हवीच. बॉयलरचं वजन एका अंगाला होतं. पिन नसली तर ते खाली यायला बघायचं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी केवळराम पडवीत गेला, तर पिन भोकात नव्हती, टेबलावर पडली होती. इंजिन नशिबानं सरळ होतं. त्याला वाटलं, मांजर असेल. चार-सहा दिवसांनी पुन्हा तेच. या खेपेला पिन दाराच्या चौकटीवर होती, आणि मांजर काही पिन उचलून तिथं ठेवत नाही.

"तू काहून हात लावते माह्या सामानाले?" त्यानं बायकोला विचारलं.

निर्मलाबाई तांदूळ निवडत होती. "मी कायले लावू जी? मले त्या लोखंडाचं भेव वाटते."

"मंग कोण लावते?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. अलीकडं ती अशी बघायची ते त्याला आवडत नव्हतं. परवा त्यानं जेवण झाल्यावर पुन्हा ताट मागितलं होतं, तेव्हाही तिनं असंच पाहिलं होतं.

त्यानं पडवीला कुलूप घातलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. आठवडा निवांत गेला. मग एका सकाळी त्यानं कुलूप उघडलं, तर भोक रिकामं. कुलूप बंद, किल्ली कमरेला, आणि पिन बाहेर. केवळराम दारातच उभा राहिला. कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे, आपण पाठ फिरवली की आत येतं, असं त्याला वाटू लागलं. वेल्डिंगवाला अनुप घरी यायचा, त्याच्यावर शंका घेऊन झाली. बायकोनं दुसरी किल्ली करून घेतली असेल, असंही मनात येऊन गेलं. त्या दिवसापासून तो तिच्याशी धड बोलेना.

माघातली एक दुपार. इंजिन उलटं होतं. केवळराम डावा हात खांबाला टेकवून स्प्रिंगची पट्टी बसवत होता. चौकट कुरकुरली. त्यानं मान वर केली, तोवर बॉयलर खाली यायला निघाला होता. चौकटीचा कोपरा गरकन फिरला आणि खांबावरची दोन बोटं त्यात चिरडली.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात निर्मलाबाईनं त्याचा रक्तानं भरलेला सदरा उतरवला. खिशात काहीतरी जड लागलं. तिनं काढून पाहिलं, ती पिन होती.

"हे काय होय जी?"

केवळराम पिनेकडं बघत राहिला. ती काढल्याचं त्याला आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला, तर तिथं काहीच नव्हतं. बोटांपेक्षा त्याला त्या रिकाम्या जागेचीच जास्त भीती वाटली.

"मीच काढली असन," तो हळूच म्हणाला.

डॉक्टरांनी बोटं शिवली. मग निर्मलाबाईनं बाकीचंही सांगितलं, तेव्हा मेंदूचा फोटो काढला. आजाराचं नाव डॉक्टरांनी तिला सांगितलं. केवळरामनं विचारलं नाही.

जखम भरल्यावर त्यानं अनुपला बोलावलं. अनुप म्हणाला, "काका, पिन साखळीनं बांधून देतो."

"साखळी मी सोडन. मले पिनच नोको. मी भुललो तरी इंजिन पडाले नोको, असं कर."

तुमसरच्या भंगारातून अनुपनं हातानं वजन ओढायच्या जुन्या विंचचा वर्म गिअर, म्हणजे मळसूत्रावर फिरणारं दातेरी चाक, शोधून आणला. हँडल फिरवलं तरच चौकट फिरते; वजनानं कितीही ओढलं तरी जागची हलत नाही. बॉयलरच्या उलट बाजूला केवळरामनं लोखंडी पाट्या बांधून वजन सारखं केलं. एवढं काम अजून हाताला येत होतं. हँडल काढता येईल असं ठेवलं आणि ते निर्मलाबाईच्या हातात दिलं.

"तुह्यापाशी ठेव. मी मागितलं तं आधी इचार, काय कराचं आहे."

"अन् तुमाले सांगता नाही आलं तं?"

"तं देऊ नोको."

आता रोज सकाळी ती हँडल घेऊन पडवीत येते, तो सांगेल तसं फिरवते आणि दाराशी बसून राहते. त्यांच्यात आता अबोला नाही. इंजिन उलटं होऊन निमूट थांबतं.

परवा चाकं वर होती. केवळरामच्या हातात पितळेचा एक तुकडा होता. त्यानंच कानशीनं घासून केलेला. तो त्यानं एका जागी लावून पाहिला, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. बराच वेळ गेला.

"फिरवू का जी?" निर्मलाबाईनं विचारलं.

"थांब," तो म्हणाला. तुकडा तळहातावर घेऊन तो त्याच्याकडं बघत होता. "हे कुठचं होय, सांग बरं?"