चारही आवाज दिनकरचे

दिनकर साळवे नेदरलँड्समधल्या नायमेखनला एका कंपनीत कॉम्प्युटरच्या चिप तपासायचा. खोट काढायची सवय घरी येताना कंपनीतच ठेवून यावी, हे त्याच्या बायकोने, मृदुलाने, त्याला अनेकदा सांगितलं होतं. पण त्या घरात तिचं ऐकायची पद्धत फक्त गाण्यापुरती होती.

गाणं मात्र अस्सल. लहानपणी नगरच्या मिशन बोर्डिंगात एक अमेरिकन पाद्री काही कॅसेटी ठेवून गेला होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडची गॉस्पेल भक्तिगीतं: चार गळे, एक पियानो, आणि डावा हात असा की टांगा उतारावरून सुटलाय. दिनकरने ती चाल बोर्डिंगच्या पायपेटीवर बसवली आणि तिला मराठी शब्द घातले. मृदुला त्याला देवळातच, म्हणजे तिथल्या चर्चमध्येच भेटली, मुख्य चालीखालचा दुसरा आवाज गाताना. नेदरलँड्समध्ये भाड्याच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा मराठी मंडळी जमायची, तिथेही हा पियानोवर आणि ती शेजारी उभी.

मृदुलाची एक खोड होती. ओळीच्या शेवटी ती जरा रेंगाळायची, सुराला हलकासा झोका द्यायची आणि मग खाली उतरायची. "अगं, वेळेवर ये," असं दिनकर दर वेळी म्हणायचा. आणि दर वेळी त्याची बोटं तिच्यासाठी थांबायची. थांबतात, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

मग कोविड आला. चर्च बंद झालं, आणि उघडलं तेव्हाही सगळ्यांनी मिळून गाऊ नका असा निरोप. दिनकरने वरच्या खोलीत माईक लावला आणि दर रविवारी एक गीत व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू लागला. नगर ऐकू लागलं, सोलापूर ऐकू लागलं. पन्नाशी उलटल्यावर माणसाचं गायक म्हणून करिअर सुरू झालं, तेही वर कोट आणि खाली पायजमा अशा वेषात.

पहिल्याच गीताला पियानो त्याने आधी वाजवून ठेवला आणि मृदुला हेडफोन लावून त्यावर गाऊ लागली. आता वाजवून ठेवलेला पियानो काही कुणासाठी थांबत नाही. तिची ओळ मागे पडत होती, आणि ते स्क्रीनवरच्या आवाजाच्या रेघांत चक्क दिसत होतं. तिने पुन्हा म्हटलं, परत म्हटलं. "पप्पा, लीव्ह इट, इट्स नाइस," लेक प्रांजली म्हणाली. पण दिसलेली खोट सोडील तो दिनकर कसला.

"तू चहा ठेव," तो म्हणाला, "तोवर तुझा आवाज मीच टाकतो."

मृदुलाने चहा ठेवला. त्याने गळा बारीक करून तिची ओळ म्हटली, बिनचूक. तिचे रेकॉर्ड केलेले तुकडे पुसून टाकले. पुढच्या रविवारी त्याने हाक मारली नाही आणि तीही वर आली नाही. पुढे सगळ्या गीतांत चारही आवाज दिनकरचे. लोक म्हणायचे, काय जमलंय.

निर्बंध उठले, मंडळी पुन्हा जमली. मृदुला शेजारी उभी राहिली तेव्हा दिनकरला केवढं हायसं वाटलं. पहिली ओळ संपत आली, त्याची बोटं आपोआप थांबली आणि ती पुढे निघून गेली. अगदी वेळेवर. आयुष्यात पहिल्यांदा पियानो मागे पडला.

सायकली काढताना तिने खुशीत सांगितलं, "भांडी घासताना रोज तुमची गीतं लावून त्यांच्याबरोबर म्हणत होते. आज बरोबर आले ना?"

"आलीस," तो म्हणाला. मग कुलपाशी उगाच खटपट करत म्हणाला, "पण ते तुझं आधीचं... ते म्हण ना."

मृदुलाने प्रयत्न केला. दोनदा ओळ घेतली आणि दोन्ही वेळा ती सरळच उतरली. "अहो, कसं म्हणायचे मी?" तिने विचारलं.

ऐकवायला तर तिचं जुनं काहीच उरलेलं नव्हतं. दिनकरने मग स्वतःच गाऊन दाखवलं. रेंगाळायचा त्याने फार प्रयत्न केला, पण ते नेमकं तालात आलं.