कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी

मुलीच्या लग्नात द्यायचं लोखंडी कपाट मी घरीच छोट्या कंप्रेसरने रंगवत होतो. रंगाचा पहिला हात बरा बसला. दुसऱ्या हाताला मात्र बारीक फोड आले आणि माझा संशय थेट शेजाऱ्यावर गेला. मधल्या दिवसांत मळणीयंत्रातला धानाचा भुसा उडवायला तो माझा कंप्रेसर घेऊन गेला होता.

भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात मी बायकोला म्हणालो, "कचरा भरून मशीन वापस केली त्यानं. मुद्दाम केलं असन."

पलीकडून उत्तर आलं नाही. ते गप्प बसणंही मी पुरावा धरलं.

कचरा शोधायला टाकीखालचा नट उघडला, तर तांबूस पाणी फसफसत बाहेर आलं. भुशाचा एक कण नव्हता. दाबलेल्या हवेतला ओलावा टाकीत साचतो, तो काम झालं की काढून टाकावा लागतो. मी तो कधीच काढला नव्हता. तेच पाणी रंगाबरोबर कपाटावर उडत होतं.

मी त्याच्या दारात गेलो. "भाऊ, चूक माझीच होती. मशीन लागली तर घेऊन जा."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आज एवढा गोड काऊन बोलून राहिला? आता काय बिघडलं तिच्यात?"

काही बिघडलं नाही, असं मी पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याने अर्धं उघडलेलं दार काही पूर्ण उघडलं नाही. त्याच्या जागी मी असतो, तर मीही उघडलं नसतं.