मेंदीखाली गेलेल्या करंगळ्या

पुतणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, रविवारी, कळंबच्या घरात मला एकच काम दिलं होतं. लहान पोरांना पोलिओचा डोस पाजून आणायचा. याहून मोठं काम मला झेपत नाही, यावर आमच्या खानदानाचं एकमत आहे.

हाताला लागली तेवढी पोरं मी सकाळीच बूथवर नेली. मागून वहिनींनी काही नेली. उरलेली कुणी नेली, कुणास ठाऊक. डोस दिला की करंगळीवर शाईची खूण करतात, म्हणून मी निर्धास्त.

दुपारी बायकांनी पोरांची बोटं मेंदीत लिंपून टाकली. मांडवातून गाळून येणारं ऊन, मेंदीचा ओला वास, वालचंदनगरकडून येणारी मळीची आंबूस हवा. पंजे पसरून पोरं इतकी हळू चालत होती, की अख्खं घर पाण्याखाली तरंगतंय असं वाटावं. माझा डोळा लागत होता.

"सगळ्यांचा डोस झाला न्हवं?" भाईंनी विचारलं. भाई म्हणजे नवरीचे वडील, माझे थोरले भाऊ. लहानपणीच पोलिओनं त्यांचा एक पाय वाळला.

"झाला!" पोरं ओरडली.

"मला काल दिला," एक म्हणाली. काल बूथच नव्हता.

"मेंदी धुवा. खूण बघू," भाई म्हणाले.

"आत्ता धुतली तर रंग चढायचा न्हाय," वहिनी कडाडल्या.

"रंग न्हाय चढला तर पोरं घडीभर रडतील. पाय गेला तर?"

मी बूथकडे पळालो. म्हणजे माझ्या पोटाला जमेल तसा. नर्सबाई आवरतच होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"मेंदी कशाला धुताय, चाचा? जास्तीचा डोस गेला तर काय होत न्हाय. राह्यला तर वाईट," म्हणत त्या डबा घेऊन माझ्यासोबत निघाल्या.

मांडवात पोरं ओळीनं उभी राहिली. हात पंखांसारखे पसरलेले, तोंडं उघडी. थेंब पडत गेले. सकाळी त्यातलं कुठलं पोर राहून गेलं होतं की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

शेवटच्या धाकट्यानं ओठ घट्ट मिटले. भाई काठी टेकत पुढं आले आणि भर मांडवात, पाहुण्यांसमोर, स्वतःच 'आ' करून उभे राहिले. पोरगं खुदकन हसलं. थेंब आत गेले.

भाईंचं तोंड मात्र बराच वेळ उघडंच होतं.

"तुमाला न्हाय मिळायचा आता," वहिनी हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी भाईंना धरून खुर्चीवर बसवलं.