कमरेचा पट्टा बांधून केनवडला

"मेथी मस्त आली हाये. येऊन जाय ना एकदा," कमलताई फोनवर म्हणाली. कमलताई ही माझी मोठी बहीण. रिसोड तालुक्यातल्या केनवडला असते, गावालगतच्या वाडीत भाजीपाला पिकवते. मी अकोल्यात. अंतर काही फार नाही, पण कंबर धरल्यापासून मी तिच्याकडे गेलेच नव्हते. मणक्यातली गादी सरकली आहे. ऑपरेशनची गरज नाही आणि पूर्ण बरंही व्हायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. शिवणकाम निम्म्यावर आणलं, लग्नकार्यं टाळली. तरी त्या दिवशी तोंडातून "येते" निघून गेलं.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "अन् रस्त्यात दुखलं तं?"

"घरी काय नाई दुखत?" मी म्हटलं.

माझ्यासारख्याच कुणाला जायचं असेल तर सांगते, आधी रेल्वेच धरा. अकोल्याहून जऊळक्याची पॅसेंजर स्वस्त आहे, आणि मुख्य म्हणजे तिच्यात मनात येईल तेव्हा उठून उभं राहता येतं. मी थोडा वेळ बसायचे, थोडा वेळ दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभी राहायचे. बाहेर हिवाळ्यातली शेतं होती. सोयाबीन निघून गेलेलं, हरभरा हिरवागार, मधूनमधून तुरीची उंच रांग. कितीतरी दिवसांनी मी छताऐवजी एवढं लांबवरचं काहीतरी बघत होते.

जऊळक्याहून आमच्या वाशिमकडच्या मालेगावपर्यंत जीप. जीपमध्ये लाजू नका, पुढची सीट मागून घ्या. मी ड्रायव्हरला कमरेचा पट्टा दाखवला, तर त्याने पुढे बसलेल्या माणसालाच मागे धाडलं. तिथून पुढे एसटी. चाकावरची सीट सोडून मधली धरायची आणि खड्डा आला की पुढच्या दांडीवर भार देऊन अंग जरासं उचलायचं. केनवडच्या फाट्यावर उतरले तेव्हा उजव्या पायाला मांडीपासून मुंग्या आल्या होत्या. पण पोहोचले होते.

ताईची सून वैशाली न्यायला आली होती. घरी ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची उसळ आणि मिरचीचा ठेचा. ताईने माझ्यासाठी कापसाची नवी जाड गादी काढून ठेवलेली. त्या गादीवर मी सकाळी उठूच शकले नसते. ती काढायला लावून मी लाकडी दिवाणावर नुसती सतरंजी टाकली. ताईला वाईट वाटलं. कुठेही जा, हे पहिल्याच संध्याकाळी सांगून टाका. एकदाच वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडल्या पडल्या ताईला उठताना पाहिलं. ती आधी कुशीवर वळली, पाय खाली सोडले, मग कोपरावर भार देऊन हळूच बसती झाली आणि क्षणभर डोळे मिटून तशीच राहिली. मी रोज अशीच उठते. मला हे शिकवायला महिनाभर फिजिओथेरपीवाल्या मॅडम होत्या.

नंतर ओट्यापाशी बघितलं, तर ती एक पाय उलट्या डब्यावर ठेवून भाकरी थापत होती.

वैशाली पाणी भरायला गेल्यावर मी विचारलं, "ताई, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"कंबर."

तिने भाकरी उलटली. "दोन हिवाळे झाले. वैशालीले नको सांगू. गणेशलेई नको."

"काहून?"

"त्याले समजलं का तो वाडी बटईनं देऊन टाकीन, दुसऱ्याले अर्ध्या वाट्यानं कसाले. मंग मी दिवसभर करू काय? टीव्ही पाहू?"

गणेश म्हणजे तिचा मुलगा, रिसोडला दुकानात कामाला आहे. भावजी गेले त्यानंतर ताईने त्या एकरभर वाडीवरच त्याला वाढवलं. बाजारात तिला "केनवडची मेथीवाली" म्हणून ओळखतात. मी नाही सांगणार म्हटलं. शिवणयंत्रावर काही दिवस कापड घालून ठेवावं लागलं, तेव्हा मला कसं झालं होतं, ते मला ठाऊक होतं. पण वाडीत तिला ओणव्याने मेथी उपटताना बघून माझ्याच पाठीतून कळ गेली.

त्याच दिवशी रिसोडचा बाजार होता. मालवाहू ऑटोत क्रेट चढवले, पुढे ड्रायव्हरशेजारी ताई आणि मी, मागे मालासोबत वैशाली. रिसोडच्या बाजारात मोकळ्या जागेत पोती अंथरून भाजीवाल्या बसतात. समोर धान्याच्या गाड्या, बाजूला गरम भज्यांची कढई. भजी जरूर खा, पण उभ्याने; तिथले बाक फार खाली आहेत.

मी भजी घेऊन परतत होते तेव्हा ताई वांग्यांचा क्रेट सरकवायला वाकली आणि वर आलीच नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर, चेहरा पांढरा. वैशालीने धावत येऊन तिचा दंड धरला.

"ओढू नको," मी म्हटलं. "तिले तिच्या हिशोबानं खाली येऊ दे."

आम्ही तिला हळूहळू रिकाम्या पोत्यांवर उताणी झोपवलं, पोटऱ्या एका क्रेटवर ठेवल्या. हे मी घरी खुर्चीवर पाय टाकून कितीतरी वेळा केलेलं. एवढ्या ओढाताणीत माझीही कंबर बोलू लागली होती. उभं राहवेना. मग मीही दुसरा क्रेट ओढला आणि तिच्या शेजारी आडवी झाले. रिसोडच्या भर बाजारात मेथीच्या जुड्यांमागे आम्ही दोघी बहिणी पाय वर करून पडलेल्या.

"काय झालं बाईले?" एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"कंबर धरली," वैशाली म्हणाली. "तुमी मेथी घ्या ना, कवळी हाये."

ती विकत राहिली. भाव करत होती, मोजत होती, सुट्टे परत देत होती. गर्दी जरा कमी झाल्यावर आमच्याकडे न बघता म्हणाली, "आई, आजचं नाई हे. तुमी उठता तवा रोज भिंतीले धरता."

ताई कोपरावर उठू लागली, पण तिला जमलं नाही.

"मले काहून नाई सांगितलं? मी काय परकी हाये?"

"वाडी जाईन म्हणून," ताई आभाळाकडे बघत म्हणाली.

"वाडी कायले जाईन? मी हाये ना. तुमी मले कधी विकू देल्लं? क्रेट उचलाले तेवढी वैशाली."

ताईने डोळ्यांवर पदर घेतला. ऊन होतं, पण उन्हासाठी नव्हता घेतला.

संध्याकाळी गणेश आला, त्याने सगळं ऐकलं आणि खरंच बटईचं नाव काढलं. वैशालीने त्याला बाहेर नेऊन काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. पुढच्या दिवशी आम्ही वाशिमला डॉक्टरकडे गेलो. कमरेचा एक्स-रे काढला, गोळ्या लिहिल्या, व्यायाम दाखवले, उचलणं कायमचं बंद. शेवटी ठरलं ते असं: टमाटे आणि वांगी बंद, अर्धी वाडी बटईने, मेथी-पालक वैशालीच्या हाताने आणि ताई बाजारात पाठ टेकायच्या खुर्चीवर. इतर बायका खाली बसलेल्या असताना खुर्चीवर बसायचं ताईच्या जिवावर आलं होतं. अर्धी वाडी गेल्याचंही तिला लागलंच. निघताना ती मला फाट्यापर्यंत पोहोचवायला आली, तेव्हा त्या अर्ध्या तुकड्याकडे तिने पाहिलं नाही.

अकोल्यात आल्यावर मी बरेच दिवस झोपून काढले. ह्यांनी शेक दिला आणि "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. ही सहल परवडली का, असं मैत्रिणी विचारतात. कमरेला नाही परवडली. पण एवढ्या वर्षांत कुणी "कशी आहे कंबर?" विचारलं की मी "बरी आहे" म्हणायचे, कारण खरं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो.

काल ताईचा फोन आला.

"दुखते काय आज?"

"दुखते."

"मलेई," ती म्हणाली.

मग पालकाला काय भाव मिळाला ते तिने सांगितलं, मी शिवायला आलेल्या एका ब्लाउजच्या गळ्याचं सांगितलं, आणि आम्ही कितीतरी वेळ बोलत राहिलो. ती खुर्चीवर, मी उभी.